मोल्दिरला पिवळं

अल्माती, १५ जानेवारी २००४

राबिगावहिनी,

नमस्कार. घरातले जीव, गोठ्यातले जीव खुशाल ना? तुमच्याकडे गोठा नाही, पाचव्या मजल्यावर एक म्हातारं मांजर आहे, हे मला माहीत आहे. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते, आणि माझ्या हातून रीत मोडायला नको.

मुद्द्यावर येतो. या वर्षीच्या पैजेसाठी टीव्हीसमोर बसायची गरज नाही. स्पर्धाच आमच्या दारात येते आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथल्या बर्फाच्या मैदानावर 'अलाताउ चषक' भरतोय. देशोदेशीच्या स्केटिंग करणाऱ्या मुली येणार. भोंग्यावरून घोषणा कोण करणार हे विचारू नका. मीच. मला निवृत्त केल्यावर त्यांनी एक तरुण नेमला होता, पण फिनलंडच्या मुलींची आडनावं म्हणता म्हणता त्याला धाप लागली.

नियम तेच. पहिली, दुसरी, तिसरी, क्रमाने लिहायच्या. मुलगी बरोबर आणि जागा चूक, तर शून्य. अंदाज पोस्टानेच पाठवायचा आणि स्पर्धेच्या आधीचा शिक्का हवा. आपल्याला काय हवंय ते लिहायचं नाही, आपल्याला काय दिसतंय ते लिहायचं. हरेल त्याने नौरीझला, म्हणजे २२ मार्चला, आपल्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, जिंकणाऱ्याच्या घरी जायचं आणि आठवडाभर राहायचं. बरोबरी झाली तर ज्याने त्याने आपापल्या घरी आपापली खीर खायची.

दादा होते तोवर तिघांत कोणीतरी जिंकायचं. ते गेल्यापासून आपण दोघं दर वर्षी शून्यावर. मी या खेळाजवळ सारी नोकरी काढली, तुम्ही सारा जन्म टीव्हीसमोर काढलात, आणि एकाही मुलीला योग्य पायरीवर उभं करणं आपल्याला जमलेलं नाही. परिणामी ना मी कारागांडा पाहिलं, ना तुम्ही अल्माती.

पदकांची नावं या वेळी तरी सरळ लिहाल का? माझ्या वडिलांचं नाव अल्तिनबेक, आणि अल्तिन म्हणजे सोनं. धाकट्या काकांचं कुमिसबेक, आणि कुमिस म्हणजे चांदी. सुनेने सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत, कबूल. पण म्हणून तुम्ही लग्न झाल्यापासून सोन्याला 'पिवळं' आणि चांदीला 'पांढरं' म्हणता. दादा सांगायचे की तुम्ही अंगठी घ्यायला गेलात तेव्हा सराफाने तुम्हाला रंगाच्या दुकानाचा पत्ता दिला. पेन्शनच्या खिडकीवर आडनाव विचारलं की तुम्ही तोंड न उघडता पासपोर्ट पुढे करता, कारण आपलं आडनावच अल्तिनबेकोव. आणि माझं नाव सोवेत ठेवलं म्हणून तुम्ही आख्ख्या सोव्हिएत संघाला 'शिट्टी संघ' म्हणत होतात! दादांना त्यापायी पार्टीच्या कचेरीत जाऊन खुलासा करावा लागला होता. मी लहानपणी थोडी शिट्टी वाजवत असेन, पण एवढ्या मोठ्या देशाचा त्यात काय दोष?

तुमची नात मोल्दिर मजेत आहे. सकाळ-संध्याकाळ बर्फावर असते. आपला करार मला आठवतो आहे. तीन वर्षं माझ्याकडे ठेवायची, तोवर आंतरराष्ट्रीय पदक मिळालं तर पुढेही इथे. नाही तर नौरीझला ती तुमच्याकडे परत. तीन वर्षं या मार्चमध्ये संपतात. म्हणजे घोडामैदान जवळ आलं.

तुमचा दीर,
सोवेतबेक

•

कारागांडा, २८ जानेवारी

शिट्टीवाल्या भाऊजींना,

पत्र मिळालं. मांजर खुशाल आहे. गोठ्याची चौकशी केल्याचं त्याला सांगितलं.

पाकिटावर तुमचं नाव नेहमीप्रमाणे शेजारच्या गाल्याने लिहिलं. तिला सासू-सासरे कोणाचीच भीती नाही. ती म्हणते, "राबिगा, तुझ्या दिराला साधा फोन का करत नाहीस?" मी सांगितलं, आमच्या घरात फोन वाजतो तो कोणी गेलं की. म्हणून मी तो उचलतसुद्धा नाही. जो जाणार तो थांबणार थोडाच आहे.

मी सासऱ्यांचं नाव घेत नाही, तर तुम्हाला हसू येतं. सून होऊन आले तेव्हा मी अठराची होते आणि मला भाकरीसुद्धा धड भाजता येत नव्हती. सगळं घर हसलं. सासरे हसले नाहीत. त्यांनी ती करपलेली भाकरी सगळी खाल्ली आणि आणखी मागितली. त्या माणसाचं नाव मी दुकानात, रांगेत, पेन्शनच्या खिडकीवर उष्टं करायचं का? तुम्ही भोंग्यातून जगाची नावं पुकारलीत. कोणाचं तरी नाव पोटात ठेवणारं माणूसही घरात लागतं.

मुलीबद्दल. करार मलाही आठवतो. आमच्या इथलं बर्फाचं मैदान बंद पडून तिथे सोफे आणि कपाटं विकायला लागले, म्हणून तिला तुमच्याकडे धाडली. देऊन टाकली नव्हती. ती चाळीस दिवसांची होती तेव्हा तिच्या आईने माझ्या मांडीवर ठेवली, पहिलं नातवंड आजीचं असतं म्हणून. तेव्हापासून ती माझी आहे. तिची खोली झाडून ठेवली आहे. हिशेबनिसाच्या शाळेत चौकशीही केली, सप्टेंबरपासून घेतील. मी उगीच गोड बोलणार नाही, भाऊजी. मला ती घरी हवी आहे. संध्याकाळी हात सवयीने चहाच्या दोन वाट्या भरतो आणि एक तशीच निवते.

अंदाज कसा बांधायचा ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. तुम्ही उड्या मोजता. उड्या सगळ्याच मारतात. मुलगी पडल्यावर कुठे बघते ते बघावं. प्रशिक्षकाकडे बघितलं, तर ती मुलगी संपली. लोकांकडे बघितलं, तर कांस्य. बर्फाकडे बघितलं, तर ती पिवळ्याची. कांस्य हा शब्द मी बिनधास्त लिहिते. देवाच्या दयेने सासरी त्या नावाचं कोणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग दर वर्षी शून्य का? कारण टीव्हीवाले पडलेल्या मुलीचा चेहरा दाखवतच नाहीत, पायच दाखवतात.

अल्मातीच्या गाडीत डबा सांभाळणाऱ्या बायानबरोबर घोड्याच्या मांसाचं सॉसेज आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे पाठवले आहेत. मुलीसाठी आहेत. तुम्हाला वास घ्यायला हरकत नाही.

राबिगा

•

अल्माती, ९ फेब्रुवारी

वहिनी,

सॉसेज मिळालं. नुसता वास घेत होतो, वास घेता घेता अर्धं संपलं. मोल्दिर तुमच्यासारखंच बोलली: "आजोबा, तुमच्या नाकाला दात आहेत का?"

माझा अंदाज सोबत पाठवतो आहे, शिक्का बघून घ्या. सोनं रशियाच्या वार्वाराला. चांदी जपानच्या हिनात्सुला. कांस्य कॅनडाच्या मुलीला, जिचं आडनाव मी आठवडाभर तोंडात घोळवतो आहे. हा अंदाज शास्त्रीय आहे. उड्या मोजल्या, गिरक्या मोजल्या, मागच्या दोन हंगामांतले गुण पाहिले.

मोल्दिरचं नाव मी घातलेलं नाही. आपल्या माणसाचं चांगलं मोठ्याने बोललं की दृष्ट लागते, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. त्यापलीकडे काही कारण नाही. तिला थोडी सर्दी आहे. बाकी ठणठणीत.

एक अडचण आहे. तिचा लाल झगा आखूड झाला. उंची वाढली आहे, आता उंबरठ्याशी माझ्याहून आधी तिचंच डोकं आपटतं. तिच्या प्रशिक्षिका ल्युद्मिला पाक स्वतः शिवून देणार आहेत. त्यांच्याकडे तीन रंगांचं कापड आहे: निळं, हिरवं, पिवळं. मोल्दिर म्हणाली, "आजीला विचारा." मी म्हटलं, आजी इथून हजार कोसांवर बसून कापड कशी बघणार? तर म्हणे, "आजीला तिथूनच सगळं नीट दिसतं." तेव्हा रंग कळवा. लवकर, कारण पाकबाईंच्या हातात कात्री आहे आणि त्या थांबत नाहीत.

आणि अंदाज पाठवताना मनाला विचारा. मोल्दिर पडावी असं तुम्हाला वाटतं असं मी म्हणत नाही. पण ती जिंकली तर तुमची दुसरी वाटी निवतच राहणार, हेही खरं. हवंय ते आणि दिसतंय ते यात गल्लत होऊ देऊ नका. एवढंच.

सोवेतबेक

•

कारागांडा, १८ फेब्रुवारी

भाऊजी,

मोल्दिरला पिवळं, यात चर्चा नको. जपानच्या हिनात्सुला पांढरं. फिनलंडच्या त्या उंच वेन्लाला कांस्य.

पीठ मळून ठेवलंय, फुगून परातीबाहेर येतंय, म्हणून जास्त लिहीत नाही.

सर्दीने माणूस लंगडत नाही. बायानने मुलीला स्टेशनवर पाहिलं. घोट्याला रात्री मेंढीची चरबी चोळा, आणि मला काही सांगायचं झालं तर खरं सांगा.

राबिगा

•

अल्माती, २६ फेब्रुवारी

वहिनी,

चरबी चोळतो आहे. सगळ्या घराला खाटकाच्या दुकानाचा वास येतो. घोटा मुरगळला होता हे खरं. लपवलं, कारण तुम्ही पहिल्या गाडीने येऊन तिला घेऊन गेला असतात. आता सूज उतरली आहे.

झग्याचा रंग कळवल्याबद्दल आभार. पिवळा. चर्चा केली नाही. पाकबाईंनी मात्र केली. त्या म्हणाल्या, "पिवळा? पिवळा तर ताटातुटीचा रंग. कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आजीने. त्यावर त्या कापायला बसल्या. पाकबाई कोरियन खऱ्या, पण आजीच्या शब्दापुढे वाद त्याही घालत नाहीत. पण वहिनी, पिवळा रंग ताटातुटीचा, हे तुम्हालाही माहीत आहे. मोल्दिरने माझ्यापासून दूर व्हावं ही तुमची इच्छा मी समजू शकतो. ती पोरीच्या अंगावर शिवून घालायची काही गरज नव्हती. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागानेच लिहितो आहे.

आता अंदाजाबद्दल. तुम्ही हिनात्सुला चांदी दिलीत, वेन्लाला कांस्य. आणि सोनं कोणाला? पहिली जागा तुम्ही रिकामी सोडली आहे! पत्र उलटं करून पाहिलं, पाकीट उजेडाला धरून पाहिलं, काही नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटतं, पहिलं नाव लिहायला तुमचा हात धजला नाही. मोल्दिर पहिली येऊ नये असं वाटत असताना दुसऱ्या कोणा पोरीला सोनं देणंही जिवावर आलं असेल. माणूस आहोत, होतं असं. पण अपुरा अंदाज म्हणजे बाद अंदाज. चार तारखेच्या आत दुसरा पाठवा, तारेने पाठवलात तरी मी मानून घेईन. तारेवरही शिक्का असतो.

सोवेतबेक

•

तार. कारागांडा, २ मार्च

लिहिलंय ते लिहिलंय. पुन्हा वाचा. तीस वर्षं भोंग्यात बोललात त्याने डोळे गेले. मोल्दिरला लोकरी मोजे. राबिगा

•

अल्माती, ८ मार्च

वहिनी,

आज महिला दिन. तुम्हाला शुभेच्छा. गोठ्यातल्या जीवांचं आज विचारत नाही, कारण आज मीच गोठ्यात बांधायच्या लायकीचा आहे. कारण शेवटी लिहितो. आधी निकाल, कारण निकाल आधी जाहीर करायचा असतो.

सोनं: जपान, हिनात्सु. चांदी: रशिया, वार्वारा. कांस्य: फिनलंड, वेन्ला.

चौथी: कझाकस्तान, मोल्दिर अल्तिनबेकोवा.

हे मी स्वतः भोंग्यातून पुकारलं. 'चौथी' म्हणताना आवाज फाटला. लोकांना वाटलं भोंगा बिघडला. आम्ही मैदानावरचे लोक चौथ्या जागेला लाकडी पदक म्हणतो. ते कोणी गळ्यात घालत नाही.

तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून सगळं सांगतो. छोट्या फेरीत ती तिसरी होती. पिवळा झगा, वर केस घट्ट बांधलेले, आणि लोकरी मोजे प्रशिक्षिकेच्या खिशात. मोठ्या फेरीत सुरुवात सुरेख झाली. शेजारी बसलेला गुणलेखक माझा हात दाबायला लागला. मी त्याला म्हटलं, सोड, मला पुढचं नाव पुकारायचंय. मग तीन गिरक्यांची दुसरी उडी, आणि ती पडली. त्याच घोट्यावर उतरली आणि सरळ आडवी झाली. सगळ्या मैदानाने श्वास ओढला. पाकबाईंनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले होते, मोल्दिरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे, लोकांकडेही पाहिलं नाही. खाली बघत होती, बर्फाकडे, जणू तिथे काही सांडलं होतं आणि ते नेमकं कुठे सांडलं ते तिला कळायलाच हवं होतं. मग उठली. आणि वहिनी, शेवटी शेवटी, जिथे उडी ठरलेली नव्हती तिथे, तिने तीच उडी पुन्हा मारली. नीट उतरली. परीक्षकांनी पडल्याचे गुण कापले ते कापलेच. वेन्ला वर गेली, केसाएवढ्या फरकाने.

घरी आल्यावर ती रडली नाही. पेटी खाटेखालून ओढली आणि कपडे भरायला लागली. म्हणाली, "आजोबा, करार तो करार." मी म्हटलं, नौरीझला अजून वेळ आहे. ती म्हणाली, "मग तोवर पेटीतून काढून घालीन."

आज सकाळी तिच्यासाठी बाजारातून मिमोझाच्या फुलांची जुडी आणली. ती पिवळी असतात, पण महिला दिनाला पिवळं चालतं. ती फुलांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आजीने खरंच पिवळा झगा सांगितला होता? आजी तर म्हणते पिवळ्यात मी कावीळ झाल्यासारखी दिसते. दाखवा पत्र." मी तुमचं अठरा तारखेचं पत्र काढून दिलं. तिने ते एकदाच वाचलं. खाली बसली. मग हसायला लागली, आणि हसता हसता जे रडायला लागली ते थांबेना. मी पाणी आणलं, चहा आणला, शेवटी उरलेलं सॉसेजसुद्धा आणलं.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ती माझ्या खांद्यावरून वाचते आहे: "आजोबा, हे झग्याचं नाहीये! मोल्दिरला पिवळं, हिनात्सुला पांढरं, वेन्लाला कांस्य. एक, दोन, तीन. आजीने मला पहिली ठेवलंय! तुम्हाला घरातली भाषा येत नाही का?"

वहिनी, मला घरातली भाषा येते. ती ज्यांच्या नावामुळे जन्मली त्यांचा मी मुलगा आहे. जानेवारीत मीच त्या 'पिवळ्या'वरून तुमची टिंगल केली होती. तरीही ते माझ्यासमोर पडलेलं असताना मला वाचता आलं नाही, कारण तुम्ही असं लिहाल हे माझ्या मनातच आलं नाही. ती जिंकली तर तुमचं नुकसान होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की म्हातारीला जे हवंय तेच ती लिहिणार. आणि मी, ज्याला ती इथे राहायला हवी होती, त्याने तिचं नाव तिघींतही घातलं नाही. दृष्ट वगैरे काही नव्हतं. रोज सरावात तिला त्या उडीवर पडताना पाहायचो, आणि मला वाटायचं, नाही जमायचं हिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं मी कॅनडाच्या मुलीचं आडनाव पाठ करत होतो. ती सहावी आली.

पैजेचा निकाल. माझे तीनही चूक: दोघी बरोबर पण जागा चुकलेल्या, नियम मीच केला आहे. तुमची वेन्ला बरोबर. दादा गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी जिंकलं. मी हरलो. नौरीझला कारागांड्याला येतो. मोल्दिरलाही घेऊन येतो, कराराप्रमाणे, पेटीसकट. पाकबाई तिचे बूट ठेवून घ्या म्हणत होत्या, लहान मुलींना होतील म्हणून. मी अजून काही उत्तर दिलं नाही.

माफ करा असं भोंग्यातून म्हणायची सोय असती तर म्हटलं असतं. पत्रात ते लहान दिसतं.

सोवेतबेक

•

कारागांडा, १५ मार्च

शिट्टीवाल्या भाऊजींना,

पत्र मिळालं. जिंकल्याचं गाल्याला सांगितलं. तिने विचारलं, काय मिळालं? मी म्हटलं, दीर मिळाला, आठवडाभर. ती म्हणाली, परत करता येतो का?

तुम्ही मला ओळखलं नाही, याचा राग आला. तुमची सव्वीस तारखेची चिठ्ठी वाचून मी परात आपटली. मग वाटलं, यात तुमची तरी काय चूक, मी पहिल्याच पत्रात तिची खोली झाडून ठेवल्याचं लिहिलं होतं. तारेच्या खिडकीवर गेले तेव्हा मनात होतं की सरळ लिहावं, झगा नव्हे हो, पदक. पण तिथली मुलगी एकेक शब्द मोठ्याने वाचून मोजते, मागे रांग असते. माझ्या लेकराचं चांगलं त्या रांगेत कशाला ऐकवू? म्हणून नाही लिहिलं. दृष्टीवर माझा विश्वास आहे, तुमच्यासारखा सोयीपुरता नाही.

ती पहिली येईल असं मी का लिहिलं, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. नियम तुमचाच होता. हवंय ते लिहायचं नाही, दिसतंय ते लिहायचं. ती चार वर्षांची असताना आमच्या चाळीमागे नळ फुटून बर्फ झाला होता. ती त्याच्यावर दिवसभर पडत होती. दर वेळी पडली की मी खिडकीतून हाक मारायची, आणि ती वर बघायचीच नाही. पालथी पडून नाक बर्फाला लावून बघत बसायची. मला तेव्हाच दिसलं होतं. आवडलं नव्हतं, पण दिसलं होतं. तुम्ही लिहिलंत की ती उडी पुन्हा मारली. चौथी आली म्हणून माझा अंदाज चुकला असं मला वाटत नाही. अंदाज एक वर्ष आधी लागला, एवढंच.

आता कराराचं. तुम्ही तिला पेटीसकट आणणार म्हणता. कायद्याने तुमचं बरोबर आहे, आणि मला ती घरी हवी आहे हे मी आधीच लिहिलं आहे. ते बदललेलं नाही. काल रात्री तिच्या खोलीत जाऊन बसले. चादर स्वच्छ, गादी झटकलेली, टेबलावर हिशेबाच्या शाळेचा कागद. मग मनात चित्र आणून पाहिलं, ती या टेबलावर बसली आहे आणि आकड्यांची बेरीज चुकली आहे. चुकल्यावर ती कुठे बघेल? माझ्याकडे. आजी, झालं का बरोबर, म्हणून. मला हे बघवणार नाही, भाऊजी. माझ्याकडे बघणारी पोर मला घरी आणायची नाही. तिला बर्फाकडेच बघू द्या.

म्हणून पेटी आणू नका. दोन्ही तिकिटं जाण्या-येण्याची काढा. एक पिशवी पुरे. खीर सात जिनसांची करीन. तुमच्या वाटणीची साखर कमी घालीन, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मोल्दिरने मला कळवलं आहे. बूट कोणाला देऊ नका, पाकबाईंना माझा सलाम सांगा आणि सांगा की लहान मुलींना पायाच्या मापाचेच बूट शिवावेत. लाकडी पदकाची लाज वाटण्यासारखं काही नाही. लाकूड नावाचं माझ्या सासरी कोणी नव्हतं, मी ते दिवसभर म्हणू शकते.

पुढच्या वर्षीचा अंदाज आत्ताच देते आहे. शिक्का मार्चचा आहे, लवकर झाला म्हणून बाद करू नका. आणि पुन्हा कोणी शिंप्याकडे धावू नये म्हणून या वेळी नीट लिहिते. आज सकाळी तोंड धुतलं, पश्चिमेकडे तोंड करून बसले, गेलेल्यांसाठी तळतात तशी सासऱ्यांच्या नावाने भाकरी तळली, त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही माझी करपलेली भाकरी खाल्लीत, आज हेही गोड मानून घ्या, तुमच्या पणतीसाठी आहे. मांजराने भाकरी हुंगली. म्हणजे परवानगी समजले.

पुढच्या वर्षी, अलाताउ चषक, पहिली जागा:

मोल्दिर. अल्तिन.

सोनं, भाऊजी. पिवळं नव्हे, सोनं. मोठ्याने म्हणूनही पाहिलं. भिंत पडली नाही. गाल्या पलीकडून धावत आली, तिला वाटलं कोणाला तरी हाक मारली.

पाकिटावर तुमचं नाव मात्र तिनेच लिहिलं आहे. एका दिवसात एकच पुरे.

राबिगा